‘आरसा निवू द्या’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्याला लिहिता आलं असतं. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासारखी गप्प बसणारी माणसं प्रत्येक छंदाच्या गटात असतात आणि त्यांच्याबद्दल माझा जो गैरसमज होता तो इतरही कित्येकांचा असणार. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं आता मी तुम्हाला ओळखते.

आधी निकाल सांगते, तो कळवायला तसाही उशीरच झालाय. आपल्या गटात हाताने घासत होते तो माझ्या दुर्बिणीचा आरसा झाला. 150 मिलिमीटर व्यास, 1200 मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथवरचं). दुर्बिणीत बसवून ध्रुवताऱ्यावर रोखला, आयपीस (डोळा लावायचं भिंग) थोडा आत सरकवला, मग थोडा बाहेर काढला. दोन्हीकडे ताऱ्याभोवतीची कंकणं जवळजवळ सारखी दिसली, म्हणजे आरशाचा आकार नीट आला होता. नीट फोकस केल्यावर ध्रुवाचा तो फिकट जोडीदारही, 18 आर्कसेकंदांवरचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), सुईच्या टोकाएवढा वेगळा दिसला. मी बराच वेळ डोळा काढला नाही. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हे तुम्हाला माहीतच नाही.

आरसा काही केल्या जमत नव्हता त्या सहा आठवड्यांबद्दल लिहायलाच हवं. खडबडीत घासकाम सुरळीत झालं होतं. खाली टूल (घासायची चकती), वर काच, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी. 80 नंबरच्या जाड पुडीपासून (नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक) सुरू करून मध्यभागाची खोली सव्वा मिलिमीटरच्या किंचित अलीकडे पोचली की बारीक पूड. तिथवर कुणाला फार विचारावं लागत नाही. खरा प्रश्न पॉलिशला बसल्यावर सुरू झाला. पिचच्या (डांबरासारख्या राळेच्या) लॅपवर, म्हणजे पॉलिशच्या गादीवर, सेरियम ऑक्साइडची पूड घेऊन तासभर हात चालवायचा, काच धुवायची, पुसायची आणि लगेच आकार तपासायला फूकोच्या चाचणीला लावायची, असा माझा रोजचा क्रम. लेआँ फूकोने 1858 साली शोधलेली ही चाचणी किती साधी आहे! एक बारीक दिवा, एक ब्लेड आणि आरशावर उमटणारी सावली. त्या सावलीत मला रोज काहीतरी वाकडं दिसायचं. एक दिवस मध्यभागी टेकडी, दुसऱ्या दिवशी ती नाही पण कड खाली झुकलेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी.

मी बैठकीत उभी राहून विचारायचे, “माझ्या आरशाला काय झालंय, कुणी सांगेल का?” एकाने सांगितलं, हात लांब मारा. दुसरा म्हणाला, पिच कडक झालंय, नवं ओता. तिसऱ्याचं म्हणणं, काचच बदला. मी दोघांचं करून पाहिलं, तिसऱ्याचं करायची वेळ जवळ येत चालली होती. तुम्ही प्रत्येक वेळी त्या शेवटच्या बाकावर होतात, वही उघडून. कधी मान वर करून माझ्या सावलीच्या आकृतीकडे बघायचात आणि पुन्हा वहीत काहीतरी लिहायचात. काका, खरं सांगते, मला तुमचा राग यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवणारा माणूस, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं ऐकायला येतो, सगळं टिपून घेतो, देत मात्र काही नाही.

मग त्या संध्याकाळी बाकीचे गेल्यावर तुम्ही टेबलाशी आलात आणि विचारलंत, “ताई, घासून झाल्यावर किती वेळाने बघता?”

मी म्हटलं, लगेच.

तुम्ही काही समजावून सांगितलं नाहीत. माझी परवानगी घेतलीत, आरशावर अंगठा मिनिटभर टेकवून ठेवलात आणि मला ब्लेडमागून बघायला सांगितलंत. जिथे अंगठा टेकला होता तिथे काचेवर एक गोल उंचवटा उभा होता, जणू कुणी आतून बोट लावून काच वर ढकललीय. आपण बघत होतो तसा तो हळूहळू बसत गेला. “हा एका अंगठ्याचा,” तुम्ही म्हणालात. “तुम्ही तासभर दोन्ही तळवे ठेवता. आरसा निवू द्या. आज बघू नका, उद्या हात लावायच्या आधी बघा.”

दुसऱ्या दिवशी टेकडी नव्हती. म्हणजे कदाचित ती कधी नव्हतीच, आणि सहा आठवडे मी नसलेली टेकडी घासत होते, त्या नादात असलेला आकार बिघडवत होते. माझ्या आरशात साधा गोल आणि पॅराबोला (दुर्बिणीच्या आरशाला लागणारा नेमका खोलगट आकार) यांच्यातला फरक मिलिमीटरच्या तीन दशहजारांशांहूनही कमी. एवढ्या बारीक मापाच्या कामात तळव्यांची ऊब म्हणजे केवढी मोठी गोष्ट! हे पुस्तकात वाचून मला पटलं नसतं. अंगठा बघितला म्हणून पटलं.

मी तेव्हा जरा चढ्या आवाजातच विचारलं होतं, “मग इतके दिवस का नाही सांगितलंत?” त्या आवाजाबद्दल माफी मागते. तुम्ही न रागावता उत्तर दिलंत, आणि त्या उत्तरावर मी आरशापेक्षा जास्त विचार केलाय.

“तुम्ही मला कुठे विचारलंत?” असं तुम्ही म्हणालात. मला ते आधी आढेवेढे वाटले. सगळ्यांना विचारलं म्हणजे तुम्हालाही विचारलंच की. पण नाही. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं ध्वनियंत्रणेवरून बोलत असतात, आणि त्यांतल्या एकाला झटका आल्याचा आवाज येतो. आपण एकट्यानेच तो ऐकला असं ज्यांना वाटत होतं त्यांतले 85 टक्के झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांतले फक्त 31 टक्के. ही माणसं दगडाच्या काळजाची नव्हती, बरीच जण थरथरत होती. कुणीतरी दुसरं उठलं असेल, ही एकच शंका त्यांना बसवून ठेवत होती. जीवावरच्या प्रसंगात हे होतं, तर आरशावरच्या टेकडीची काय कथा! मी ज्याला ‘सगळ्यांना विचारणं’ समजत होते त्यात प्रत्येकाच्या वाट्याला प्रश्नाचा एवढासा तुकडा येत होता. तो आपलाच आहे असं कुणालाच वाटलं नाही. ज्यांना नाही तरी बोलायचंच होतं ते बोलले.

त्यांच्यावरही मी रागावलेली नाही, हे इथे सांगायला हवं. ते बोलतात म्हणून गट जिवंत राहतो. 1920 साली रसेल पोर्टर यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावात 15 पुरुष आणि एका बाईला आरसे घासायला शिकवलं, 1925 मध्ये एका मासिकाने त्यांच्यावर लेख छापला आणि हा छंद पसरला. कुणीतरी तोंड उघडलं म्हणूनच ही विद्या तुमच्या-माझ्यापर्यंत आली. (त्या एका बाईचा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. तिने तिथे किती प्रश्न विचारले असतील, आणि किती गिळले असतील?)

तुमची दुसरी गोष्ट मात्र मला टोचली. खूप वर्षांपूर्वी एका मुलाने तुम्हाला आरशावरच्या ओरखड्याबद्दल विचारलं होतं. तुम्ही त्याला सांगितलंत, मागे जा, 220 नंबरपासून पुन्हा घास. तो बरं म्हणून गेला आणि परत आला नाही. “ओरखडा गेला, की मी त्याचं महिन्याभराचं पॉलिश उगाच घालवलं, ते अजून माहीत नाही,” असं म्हणून तुम्ही वही मिटलीत. इतक्या वर्षांनी तुम्हाला तो मुलगा आठवत होता, आणि त्याला बहुधा तुम्ही आठवतही नसाल.

सल्ला घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उत्तर दिसतं, त्याच्या समोरच असतं ते. सल्ला देणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याच्याकडे उरतो तो फक्त घोर, की काच दुसऱ्याची होती आणि शब्द आपला. ज्याला हा घोर लागत नाही तो बेलाशक बोलतो. ज्याला लागतो तो पुढच्या वेळी थोडा थांबतो, त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडा, आणि मग मागच्या बाकावर जाऊन बसतो. मी तुम्हाला कंजूष समजत होते. तुम्ही त्या ओरखड्याचं ओझं घेऊन बसला होतात. ज्या कुणाला कधी कुणी छंदातली एखादी गोष्ट सांगितली असेल आणि ती जमली असेल किंवा फसली असेल, त्याने आजच्या आज जाऊन ते सांगावं असं मला फार मनापासून वाटतं. फसली असेल तर आधी.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नाही. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा 80 नंबर संपवून टेबल न धुता, नखांतली पूड न काढता पुढच्या बारीक पुडीकडे वळताना मी पाहिला होता. त्याच चुकीने माझी पहिली काच ओरबाडली गेली होती, म्हणजे मला पक्कं माहीत होतं. तरी मी बोलले नाही. मनात म्हटलं, मी स्वतः नवी, माझं कोण ऐकणार, जुनीजाणती माणसं बसलीत की. चार दिवसांनी त्याच्या काचेवर लांबलचक ओरखडा निघाला. ज्या मौनाबद्दल मी तुम्हाला दोष देत होते तेच मौन मी त्याच खोलीत धरून बसले होते. त्या मुलाला मी हे नंतर सांगितलं. त्याने ते ज्या मोठेपणाने घेतलं त्याबद्दल त्याचेही आभार.

मी लॅपबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “ते हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही.” यावरही मी आधी विश्वास ठेवला नव्हता. 1990 मध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्यांना गाणं ओळखायला. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी ओळखू येतील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल वाजत असते, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. जाणकाराने सांगायला सुरुवात केली की अनेकदा हेच होतं. ऐकणाऱ्याचा कोरा चेहरा बघून आपल्याला सांगता येत नाही असं ठरवून तो गप्प होतो. तुम्ही बोलायच्या ऐवजी अंगठा टेकवलात, तेवढ्यानेच मला चाल ऐकू आली.

त्यानंतर मी सगळ्यांना विचारणं बंद केलं. एकाला विचारते, नावाने, हातात काच घेऊन. घासून किती तास झाले, खोलीचं तापमान किती होतं, काय करून पाहिलं, हे सगळं लिहून नेते. आणि नंतर परत जाऊन सांगते. तुमच्याच बाकावर बसणाऱ्या त्या मावशी, ज्यांचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता, त्यांनी मला अंगठ्याचं नख दाबून पिचचा कडकपणा कसा बघायचा ते दाखवलं. माझं बोट धरून दाखवलं. मी नावाने विचारलेल्यांपैकी आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

तुमचे आभार त्या एका वाक्यासाठी तर आहेतच. पण त्या ओरखड्याचा घोर असतानाही तुम्ही उठून माझ्या टेबलाशी आलात, त्यासाठी जास्त आहेत. तेवढी दहा पावलं तुम्हाला किती जड गेली असतील, ते आता कळतं.

आता पुढचं. नवी काच 200 मिलिमीटरची आहे, नाभीय अंतर तेच, 1200. याला नुसता गोल चालणार नाही, पॅराबोलापासूनचा फरक पहिल्या आरशाच्या तिपटीहून जास्त आहे. सध्या गोल स्वच्छ आलाय, कड शाबूत आहे. सावलीच्या चार आकृत्या सोबत ठेवते, घासल्यानंतर 14 तासांनी काढलेल्या, मधल्या वेळात काचेला हात लागलेला नाही. मध्य खोल करायला डब्ल्यू अक्षरासारखा हात फिरवायला आत्ताच सुरू करू, की आधी लॅप पुन्हा दाबून बसवू? काका, हे तुम्हाला विचारतेय. शनिवारी काच घेऊन येते.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची