गाव पाण्याच्या बाजूनं बघ

ता. पवनी, जि. भंडारा

चि. बाई,
अनेक आशीर्वाद.

मालवणहून देवगडला शिडाच्या होडीनं जायचं तुम्ही ठरवताय, हे कळलं. जा. माझी ना नाही. आपण धिवर, मासेमारी करणारी माणसं, पोरीनं पाण्यावर जाऊ नये असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तुझ्या मायच्या जिवाला मात्र घोर लागला आहे. तिची समजूत मी घालतो, पण त्यासाठी तुझ्याकडून काही गोष्टींची कबुली पाहिजे.

वैनगंगेवर डोंगा चालवता येतो म्हणून समुद्र कळतो, असं धरून चालू नको. आपला डोंगा बांबूनं रेटायचा, त्याला शीड नाही. आणि आपल्या घाटावरचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. तू ज्याच्या काठी नोकरी करतेस, तो समुद्र आपल्या नदीच्या वाटेवर कधी आलाच नाही. मागच्या हिवाळ्यात तुझ्याकडे आलो तेव्हा मी धक्क्यावरच्या त्या म्हाताऱ्या तांडेलाजवळ, म्हणजे होडीच्या मुख्य खलाशाजवळ, जाऊन बसायचो, ते यासाठीच. त्यानं जे सांगितलं ते मी डोक्यात पक्कं ठेवलं आहे.

पहिली गोष्ट वाऱ्याची. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होतेस. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की तो उलटतो आणि समुद्राकडून येतो, त्या किनाऱ्यावर बहुतेक वायव्येकडून. देवगड मालवणच्या उत्तरेला, समुद्रातून अंदाजे 37 किलोमीटर. म्हणजे उशिरा निघालात तर दुपारचा वारा थेट तोंडावर येणार, आणि तोंडावरच्या वाऱ्यात शिडाची होडी सरळ जात नाही, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, अशी नागमोडी काढावी लागते. वेळ दुप्पट, दमछाकही तेवढीच. म्हणून झुंजुरका, उजाडायच्या आधीच, निघा. मतलई उजव्या अंगानं शिडात भरेल, आणि खारा वारा जोर धरायच्या आत तुम्ही बंदराच्या तोंडाशी असाल.

दुसरी गोष्ट भरतीची. तांडेलाचा हिशेब मला फार आवडला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजेच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला, चतुर्दशीला साडेदहाला. सहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. दर दिवशी पाऊण-एक तासानं वेळ पुढे सरकते. ठोकळ हिशेब आहे, पक्की वेळ बंदरावर विचारून घ्यायची. मी घरच्या कॅलेंडरवर बसून पाहिलं. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी, म्हणजे दत्तजयंतीचा आदला दिवस, मला बरा वाटतो. पहाटे पश्चिमेला चंद्र असतो, त्यामुळे निघताना अगदी काळोख नाही. साडेदहाला पूर्ण भरती, म्हणजे नऊ-दहाला पोचलात तर चढतं पाणीच होडी देवगडच्या खाडीत घेऊन जाईल.

ओहोटीला मात्र खाडीच्या तोंडाशी जाऊ नका. ते दिवस उधाणाचे. पाणी बाहेर ओढत असतं, समोरून वारा आणि लाटा आत रेटत असतात, आणि दोन्ही भिडले की तोंडाशीच लाट उभी राहते. गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये नुसत्या वाऱ्यानं डोंगा कसा हेलकावतो हे तू पाहिलं आहेस. इथे वारा आणि ओढ दोन्ही एका जागी. उशीर झालाच तर बाहेर थांबा, पुढच्या भरतीची वाट बघा, नाहीतर परत फिरा. परतीला वायव्येचा वारा पाठीशीच आहे. निम्म्यातून परत येण्यात काहीच कमीपणा नाही. उत्तरेचा वारा आधीच जोरात असेल त्या दिवशी तर निघूच नका.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, होडीत ठेवायचं नाही. तटरक्षक दलाचा नंबर 1554 चौघांच्याही फोनमध्ये पाहिजे. निघताना बंदरावर नोंद, पोचल्यावर तिथे निरोप.

वाटेत उजव्या हाताला आचऱ्याची खाडी लागेल, मग पुढे किनाऱ्यालगत कुणकेश्वराचं देऊळ. ते दिसलं की देवगड जवळ आलं. किल्ल्याच्या टेकाडावरचा दीपगृहाचा मनोरा 1915 सालचा आहे. पाण्यावर जाळ्याचे बोये दिसले तर लांबून वळसा घाला. सुकाणूत जाळं अडकलं तर तुमचा खोळंबा होईलच, पण त्या माणसाची महिन्याची कमाई फाटेल. जाळं विणायला किती रात्री जातात हे तुला कुणी सांगायला नको.

आता ज्यासाठी मी खरं हो म्हणालो ते. रस्त्यानं गेलेल्या माणसाला देवगड म्हणजे हापूसची पाटी, लॉज आणि हॉटेल. पाण्यानं आलेल्याला गाव आधी आपलं काम दाखवतं. पवनीचं तसंच आहे. बसनं उतरलं तर बाजार दिसतो, डोंग्यानं आलं तर घाट, पायऱ्या आणि पायरीवर जाळं झाडणारी माणसं. म्हणून होडी बांधली की लगेच जेवायला पळू नका. धक्क्यावर थांबा. मासळीचा लिलाव कसा चालतो, बर्फ कुठून येतो, टोपल्या कोण उचलतं, बायकांच्या हातात पैसा किती येतो, ते बघ. वादळाची सूचना आली की गुजरातपासूनच्या बोटी याच बंदरात आसऱ्याला येतात. त्या वेळी एवढ्या खलाशांच्या पाण्याची, जेवणाची सोय कोण करतं, तेही विचार. आपल्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत मला ते सांगायचं आहे. आमच्या तलावांच्या ठेक्यांवरून इथे रोज भांडणं, आणि तिकडे परक्या राज्याच्या बोटीला जागा देतात, ती कोणत्या नियमानं देतात, हे मला कळलं पाहिजे.

तुझ्या आजानं आयुष्यभर वैनगंगेपलीकडचं पाणी पाहिलं नाही. तुला ते पाहता येतंय याचा मला आनंद आहे, आणि तो मी गावात सगळ्यांना सांगतो.

धान कापून झालं, बांधीत आता लाखोरीची डाळ उगवली आहे. निघायचा दिवस ठरला की तिथीसकट कळव, आणि होडीत कोण कोण आहे, सुकाणूवर कोण बसणार, त्याला किती वर्षांची सवय आहे, हेही लिही. मायला तेवढं पुरेल.

तुझे बाबा