चढावर तिला थंडी वाजली

प्रिय अन्या,

सात महिने झाले. तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत, वाढदिवसाला फोनही केला नाही. रागावला असशील तर मनसोक्त शिव्या घाल, फक्त गप्प बसू नकोस. तब्येत बरी आहे. गुडघा दुखत होता, सीट पाच मिलिमीटर वर घेतली तेव्हापासून दुखत नाही. ही मजेत. आता मुद्द्याचं सांगतो.

गेल्या रविवारी मनूला चढावर थंडी वाजली.

हे वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर त्याने विचारलं असतं, ऐन उन्हाळ्यात? तू विचारणार नाहीस. म्हणून तुलाच लिहितोय, हिला अजून काहीच न सांगता.

पहिल्यापासून सांगतो. परीक्षा मंगळवारी संपली आणि बुधवारी संध्याकाळी मनूने सायकल खाली काढली. दोन महिने ती भिंतीला टेकून होती. चेन पुसली, तेल घातलं, हवा भरली. हवेवरून आमचं भांडण झालं, तेही तुझ्यामुळे. अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये शंभर पीएसआय हवा भरून बसली होती! म्हटलं, अगं, सत्तर पुरे. तर म्हणते, अन्याकाका म्हणायचा टायर दगडासारखा हवा. तुझी तेविसाची चाकं आणि एकशेवीसची हवा आठवते ना? प्रत्येक खड्डा दातांपर्यंत यायचा आणि तू म्हणायचास, 'हाच तर वेग!' आता सगळे रुंद टायर आणि कमी हवेवर आलेत. मी हे तेव्हाच म्हणत होतो. शिवाय उन्हात हवा आपोआप चढते. पहाटे विसाला ऐंशी भरली तर पंचेचाळीस अंशांना तापलेल्या टायरमध्ये ती अठ्ठ्याऐंशीच्या आसपास जाते. हा वाद मी जिंकलेला आहे, एवढं पत्राने तरी मान्य कर.

तर रविवार. पाचला निघालो. तू उन्हाळ्यातली पहाट सोडून किती वर्षं झाली? मला या ऋतूतली सायकल कुठल्याही ऋतूपेक्षा आवडते आणि हे मी कुणापुढेही म्हणेन. जॅकेट नाही, हातमोजे नाहीत, पहिल्या दहा मिनिटांतच पाय सुटतात. रस्ता रिकामा. सखल भागात, ओढ्याच्या पुलाजवळ, थंड हवेचं डबकं साचलेलं असतं. उतारावरून त्यात शिरलं की दंडावरून गार हात फिरल्यासारखं वाटतं आणि पुलापलीकडे चढ लागला की पुन्हा कोमट. एका किलोमीटरमध्ये तीनदा हे होतं. मनू प्रत्येक वेळी 'आला!' म्हणून ओरडत होती. लहान असताना माझ्या पुढच्या दांड्यावर बसायची तेव्हाही अशीच ओरडायची.

आणि चाक खरंच हलकं पळतं रे. गरम हवा विरळ असते. पंधरा अंशांपेक्षा पस्तीस अंशांची हवा सहा-साडेसहा टक्क्यांनी हलकी, आणि सपाटीला जोरात निघालं की आपली बरीचशी ताकद हवा कापण्यातच जाते. तासाचा विक्रम, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा विक्रम, करायला उतरणारे सायकलपटू बंदिस्त ट्रॅक मुद्दाम गरम ठेवायला लावतात, ते याचसाठी. मनूला हे सांगितलं तर ती ड्रॉप्सवर, हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर, वाकली आणि मला मागे टाकून गेली. दोन महिने खुर्चीत बसलेली पोर! मला इतका आनंद झाला की तिचं चाक धरायचं, म्हणजे तिच्या आडोशाला मागे चिकटून राहायचं, तेही सुचलं नाही, नुसता मागून बघत राहिलो. पाठीचा कणा सरळ, खांदे सैल, गुडघे आत. तुझ्यासारखी चालवते. माझ्यासारखी नाही, तुझ्यासारखी.

इथेच माझं चुकलं, आणि गेले पाच दिवस मी याच जागी अडकलोय.

उन्हाळा चढायला लागल्यापासून मी दिवसाआड बाहेर पडत होतो. माझं शरीर हळूहळू उन्हाला सरावलं. त्याला दहा ते चौदा दिवस लागतात, हे मला तोंडपाठ आहे. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच चढाला हृदय कमी धावतं. हे सगळं माझ्या अंगात झालं होतं, तिच्या अंगात काहीच झालेलं नव्हतं. ती दोन महिने पंख्याखाली होती. पाय तरुण, जोर भरपूर, म्हणून ती पुढे गेली आणि मी 'वा' म्हणत राहिलो. बुधवारी ती हवा भरत बसली होती तेव्हाच म्हणायला हवं होतं, पहिले दोन आठवडे पाऊण तास, बास. टायरवर भांडलो आणि हे सांगायचं राहून गेलं.

घाटाला लागलो तेव्हा आठ वाजून गेले होते. उशीर माझ्यामुळेच झाला, पुलावर फोटो काढत बसलो. आणि वारा पाठीशी. आपण पाठवाऱ्याला किती जपायचो, आठवतंय? पण चढावर तो घात करतो. आपण ताशी दहा किलोमीटरने चढतोय आणि वाराही मागून दहाने येतोय, म्हणजे अंगाला झुळूक शून्य. आपण लावतो त्या जोरातला जेमतेम चौथा भाग पेडलला जातो, बाकीची सगळी उष्णता, आणि ती बाहेर काढायला घामाशिवाय दुसरा रस्ता नाही. घाम उडाला तरच गारवा. नुसता टपकला तर पाणीही गेलं आणि मीठही, गारवा मिळाला नाही तो नाहीच. तिच्या हनुवटीवरून धार लागली होती. सायकलच्या वरच्या दांड्यावर थेंब पडत होते, टप, टप, पेडलच्या तालावर. मला ते दिसत होतं आणि मी मनात म्हणत होतो, छान, घाम येतोय.

तिसऱ्या वळणानंतर तिचं बोलणं बंद झालं. चौथ्या वळणावर म्हणाली, 'बाबा, मला थंडी वाजतेय.'

मी तिच्या हाताकडे बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत काटा. एकेक केस उभा आणि प्रत्येकावर घामाचा बारीक थेंब. उन्हात चमकत होते. अन्या, मला तुझा हात दिसला. तेच वळण नव्हतं, पण तोच हात.

त्या वर्षी तू हेच म्हणाला होतास. आणि मी काय म्हणालो ते तू विसरला असशील असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आदल्या रात्री तूच आम्हाला टॉम सिम्पसनची गोष्ट सांगितली होतीस. १९६७ ची टूर द फ्रान्स, १३ जुलै, माँ व्हाँतू या डोंगराचा उघडाबोडका चढ, एकोणतीस वर्षांचा इंग्रज सायकलपटू. शिखर किलोमीटरभर राहिलेलं, झोकांड्या खात पडला, लोकांनी पुन्हा सायकलवर बसवलं, थोडं पुढे जाऊन कोसळला तो कायमचाच. अंगात उत्तेजक औषधं, पोटात दारू, डोक्यावर ते ऊन, आणि पाणी पुरेसं घेऊ न देणारे त्या काळचे नियम. तू सांगताना तुझा आवाज बसला होता. आणि दुसऱ्या दिवशी तुला थंडी वाजायला लागली तर मी म्हणालो, 'सिम्पसन होऊ नकोस, चल, पाच किलोमीटर राहिलेत.' वर पुढे निघूनही गेलो. तू मागे दगडावर एकटा बसलास.

अकरा दिवस आपण बोललो नाही. मग तू चहाला हाक मारलीस आणि विषय संपला. तू पुन्हा कधी तो बोलून दाखवला नाहीस. मीही सोयीचं म्हणून तसाच राहू दिला. मला खरंच वाटलं होतं की तू दमलास आणि कारण शोधतोयस. तापलेल्या शरीराला थंडी वाजते ही निसर्गाने दिलेली शेवटची सूचना असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलं तरी थांबायला काय लागत होतं? मित्र थांब म्हणतोय, एवढं पुरेसं होतं. मला माफ कर. फोनवर म्हणता आलं नसतं.

मनूला मी लगेच उतरवलं. झाडाच्या सावलीत आडवी केली, हेल्मेट, बूट, मोजे काढले, पाय सायकलच्या पिशवीवर. दोन्ही बाटल्यांतलं पाणी मानेवर, काखेत, डोक्यावर ओतलं आणि माझी जर्सी काढून वारा घालत राहिलो. प्यायला घोट-घोट. आणि सारखे प्रश्न विचारत होतो. आज वार कोणता? आपण किती वाजता निघालो? गणिताच्या पेपरात शेवटचा प्रश्न काय होता? चौथ्या प्रश्नाला ती खवळली. 'बाबा, मी भ्रमिष्ट झालेली नाही!'

याहून गोड वाक्य मी गेल्या दहा वर्षांत ऐकलेलं नाही. कारण खरा धोका तिथेच असतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंगातला ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेला, की तो उष्माघात. मग आधी मिळेल त्या पाण्याने गार करत राहायचं आणि धावाधाव करून दवाखाना गाठायचा. ती चिडत होती, म्हणजे डोकं शाबूत होतं. वीस मिनिटांत काटा मावळला. तासाभराने, खाली गार वारा लागेल अशा बेताने, ब्रेकवर बोट ठेवून उतरलो. अर्ध्या उतारावर ती पुन्हा 'आला!' म्हणून ओरडली. मी मागे होतो, रडत होतो, तिला कळलं नाही.

घराच्या फाटकाशी म्हणाली, 'आईला सांगू नको ना.' मी 'हं' म्हणालो.

तो 'हं' मला झोपू देत नाही. सांगितलं तर ही आमची सायकल बंद करेल, मनूचीही आणि माझीही, आणि हिचं काही चुकणार नाही. हिने माझे दोन अपघात उशाशी बसून काढलेत. मनूच्या डोक्यात दोनशेची ब्रेव्हे आहे, म्हणजे दोनशे किलोमीटरची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची. दोन वर्षं ती त्यावर बोलतेय. एका रविवारामुळे ते जाऊ नये असं मला फार वाटतं. पण नाही सांगितलं, तर मी तिला काय शिकवलं? सायकलवर काही झालं की लपवायचं. आपण दोघं हेच शिकलो होतो. तू घरी दगडाचा प्रसंग सांगितला नाहीस, मीही नाही. उद्या मी बरोबर नसताना तिच्या अंगावर काटा आला आणि कुणी म्हणालं 'चल, पाचच किलोमीटर', तर ती थांबेल का?

तुझं कसं चाललंय? बदली झाली का? वहिनींच्या शाळेचं काय ठरलं? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, नमस्कार सांग. नव्या घरात सायकलला जागा ठेवलीस का, की ती अजून माळ्यावर? खरं लिही.

सोमवारपासून आम्ही नव्याने सुरू केलंय. रोज पहाटे पाऊण तास, सपाटीला, बोलता येईल इतक्याच जोराने. निघताना वजन, आल्यावर वजन. किलोभर उतरलं तर लिटरभर पाणी कमी पडलं असं धरायचं. नुसतं पाणी ढोसायचं नाही, त्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही वाईटच. बाटलीत चिमूट मीठ आणि साखर. मनूने वहीत तक्ता आखलाय. काल तिचं वजन जेमतेम तीनशे ग्रॅम उतरलं तर तिने उड्या मारल्या. मी तिला सांगितलंय, दोन आठवडे भरेपर्यंत घाटाचं नाव काढायचं नाही. तिने न भांडता मान्य केलं, म्हणजे रविवारी तीही घाबरली होती.

त्यासाठी वजनकाटा न्हाणीघरातून व्हरांड्यात आणून ठेवलाय. आज जेवताना हिने विचारलं, 'काटा बाहेर का?' मनूने ताटात मान घातली. मी पाणी प्यायलो.

ही अजून जागी आहे, आत कपड्यांच्या घड्या घालतेय. हे पत्र पाकिटात घातलं की मी आत जाणार आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. तू त्या दगडावर किती वेळ बसला होतास? मी कधी विचारलंच नाही.