आईच्या गोळ्यांबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तुला न विचारता मी डॉक्टरांशी बोलले. तुझ्या लघवीच्या जळजळीसाठी आधी लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी, मगच गोळी, असं ठरवलंय. रागावू नकोस. सोमवारी सकाळी नमुना न्यायला माणूस घरी येईल, विश्रामबागेतून मिरजेला तुला हेलपाटा नाही.

बाबांच्या दाताच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या उरल्यात आणि त्यांनी जळजळ थांबते, हे मला माहीत आहे. थांबते, पण तेवढ्यावर जंतू मरतोच असं नाही. या त्रासात बहुतेकदा ई. कोलाय नावाचा जंतू असतो. त्याला दोन पापुद्रे, मध्ये पेप्टिडोग्लायकनची पातळ जाळी. अमॉक्सिसिलिन ती जाळी विणू देत नाही. डोस पुरा पडला तर जंतू फुटतो, अपुरा पडला तर सावध होतो. बाहेरच्या पापुद्र्यातलं आरसीएसएफ हे प्रथिन बिघाड ओळखून आत निरोप धाडतं, आणि अंगाभोवती साखरेचं बुळबुळीत वेष्टन बनवणारी जनुकं चालू होतात. सिग्मा-ई या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाची वाट वेगळी. पोरिन प्रथिनं म्हणजे बाहेरच्या पापुद्र्याची दारं. ती नीट न घडता मधल्या पोकळीत साचली की डेगएस हे विकर जागं होऊन आरएसईए नावाच्या लगामावर पहिला काप देतं, आरएसईपी दुसरा. सिग्मा-ई मोकळा सुटतो, दुरुस्तीची प्रथिनं बनवायला लावतो आणि नवी पोरिनं थोपवतो. पुष्कळ औषधं याच दारांनी आत शिरतात, म्हणून अर्धामुर्धा डोस मला इतका खटकतो. सिग्मा-ईशिवाय ई. कोलाय जगूच शकत नाही, इतकी ही सोय त्याच्या मुळाशी आहे.

कल्चरमुळे कोणती गोळी लागू पडेल ते कळेल. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर काही सुरू करायचं का, ते डॉक्टर सांगतील.

नमुना असा दे: आधी साध्या पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली लॅबच्या निर्जंतुक डबीत. झाकणाला आतून बोट नको. घरातली धुतलेली बाटली अजिबात नको, रिपोर्ट फुकट जाईल. माणसाला उशीर झाला तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर दोन तासांच्या वर नको.

माझी गुणाची आई, तापात कडू औषध चमच्याने भरवताना तू मला शेवटच्या थेंबापर्यंत सोडायची नाहीस. आता मीही सोडणार नाही. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी कमी पितेस ना? दिवसा जास्त पी, संध्याकाळनंतर कमी केलंस तरी चालेल. बाथरूमजवळ रात्री पेटणारा छोटा दिवा आणि धरायला दांडा मी मागवलाय.

बाबा, त्या चार गोळ्या आजच कपाटातून काढा. तिची नवी गोळी ठरल्या वेळी, ठरलेले सगळे दिवस, तुमच्या देखत. थंडी वाजली, ताप १००.४च्या वर गेला, कुशीत दुखलं, उलट्या झाल्या किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर रिपोर्टची वाट न बघता, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या आणि मला फोन करा.

तुमची लेक