मलम आहे रे, पण लावायला जागा कुठाय

मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की निर्वासितांच्या कॅम्पमध्ये डॉक्टर आणि औषधं पाठवली की झालं, बाकीचा एवढा बाऊ कशाला. तेव्हा घाईत होतो, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारचे रोहिंग्या कॅम्पच बघ ना. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांवर माणसं म्यानमारमधून पळून आली, आधीचे धरून आज दहा लाखांच्या वर. राहायला बांबू आणि वर ताडपत्री, तेही डोंगरउतारावर. पक्कं बांधायला सरकार देत नाही, कारण हे लोक तात्पुरते म्हणे! इतकी वर्षं झाली तात्पुरत्याला.

आता खरूज घे. 2023 मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सवाल्यांनी सांगितलं की कॅम्पमधल्या जवळजवळ 40 टक्के लोकांना आहे. रोग तसा साधा, तुला मी काय सांगायचं. पण मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी, मानेपासून तळव्यापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, आता एका खोलीत अख्खं कुटुंब, अंथरूण सगळ्यांचं एकच, पाणी ठराविक वेळेला, आडोसा नाही, तिथे बाईमाणूस घरादारासमोर अंगभर मलम लावणार कशी सांग बरं? मग लावतात अर्धवट, आणि थोड्या दिवसांत शेजाऱ्याकडून परत येते. खाजवून जखमा चिघळल्या की पुढे किडनीचंही दुखणं मागे लागू शकतं.

आणीबाणीतल्या निवाऱ्यासाठी मदतसंस्थांनी मिळून ठरवलेलं स्फिअरचं जे मानक आहे ना, ते माणशी साडेतीन चौरस मीटर. म्हणजे साधारण एक डबल बेड, आणि हे किमान हं. दाटीत काय होतं ते 2017 च्या शेवटी कॅम्पमध्ये आलेल्या घटसर्पाच्या साथीने दाखवलंच.

बायकांचं तर वेगळंच. संडास लांब, रात्री अंधार, भीती वाटते, म्हणून कितीतरी जणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीचं इन्फेक्शन. त्यावर अँटिबायोटिक देशील, पण दिवा कोण लावणार?

चांगलं एकच सांगतो, 2018 पासून गॅस सिलिंडर द्यायला लागले, तर झोपडीतला चुलीचा धूर कमी झाला आणि सरपणासाठी डोंगर बोडके करणंही. हे कुठल्या डॉक्टरने केलं नाही, पण फुप्फुसं वाचतात.

तुमच्या ग्रुपने वर्गणी काढलीच आहे तर नुसती औषधं नकोत, साबण, जादा चादरी, कपड्यांचा एक जोड आणि सोलर दिवे यासाठी पण द्या. मीटिंगमध्ये सांग आणि काय ठरतंय ते फोन करून कळव.

तुझाच