मा. सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : जखमीजवळ सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांना शिकवा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : अपघातस्थळी होणाऱ्या प्राथमिक उपचारांबाबत

महोदय,

मोठा अपघात झाला की नव्या ट्रॉमा केअर सेंटरची मागणी होते, पुष्कळदा घोषणाही होते, आणि तिचे स्वागत माझ्यासारखी निवृत्त परिचारिकाही करते. केईएम, शीव, नायर, जे. जे., कूपर, राजावाडी आणि जोगेश्वरीचे ट्रॉमा रुग्णालय येथे रात्रंदिवस जखमींवर उपचार होतात आणि त्या कामाविषयी मला तक्रार करायची नाही. माझी जवळजवळ सगळी नोकरी महापालिकेच्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेली. ट्रॉलीवरून माणूस आत आला की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा तो हा, की याला इथवर कोणी आणि कसे आणले. पुढे काय होणार हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावरच ठरलेले असे. म्हणून हे पत्र रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या वेळेविषयी आहे, आणि त्या वेळेत जखमीला हात लावणाऱ्या लोकांविषयी आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातले ३० टक्के जाईपर्यंत तरुण, धडधाकट माणसाचा रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहतो, कारण हृदय वेगाने धावते आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त मेंदू व हृदयाकडे वळवतात. तो बोलतो, स्वतःचे नाव सांगतो, घरी फोन लावा म्हणतो. भोवतालच्या लोकांना वाटते, शुद्धीत आहे म्हणजे धोका टळला. प्रत्यक्षात त्याचे तळवे गार पडलेले असतात, घाम सुटलेला असतो, नाडी शंभराच्या पुष्कळ वर गेलेली असते, आणि रक्तदाब कोसळू लागतो तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरतो. रक्त बाहेर दिसलेच पाहिजे असेही नाही. मांडीचे हाड मोडले तर मांडीतच लिटरभर, कधी दीड लिटर रक्त साठते, आणि कंबरेचे हाड फुटले तर त्याहूनही अधिक. मांडीची मुख्य रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी मोठी वाहिनी, कापली गेली असेल, तर रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतकाही अवधी नसतो. ‘गोल्डन अवर’, म्हणजे दुखापतीनंतरचा जीव वाचवण्याची सर्वाधिक संधी असलेला काळ, हा शब्द अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक डॉ. आर. अ‍ॅडम्स काउली यांच्यामुळे जगभर पोहोचला आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यातही त्याची व्याख्या एक तास अशी आली. पण वाहत्या रोहिणीला तासाचा हिशेब कळत नाही. तिथे जवळ उभ्या असलेल्या माणसाने काय केले तेवढेच उपयोगी पडते.

आणि त्याने करायचे ते अवघड नाही. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबायचे आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहायचे नाही. लोक रुमालावर रुमाल ठेवत जातात, भिजलेल्या कापडांचा ढीग होतो, पण दाब कुठेच पडत नाही. हातापायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटे जागा सोडून, सांधा टाळून, पिळून घट्ट करता येणारा रुंद पट्टा म्हणजे टूर्निके बांधायचा आणि बांधल्याची वेळ ठळक लिहून ठेवायची. आम्ही शिकत होतो तेव्हा टूर्निके हा शेवटचा आणि बदनाम उपाय मानला जाई. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवानंतर वैद्यकशास्त्राने ते मत बदलले. साधारण दोन तासांच्या आत तो सोडवून शस्त्रक्रिया झाली तर हातपाय सहसा वाचतो, हे आता मान्य आहे. अमेरिकेत २०१५ पासून सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आपल्याकडे मात्र अजून सुतळी, चप्पलचा पट्टा किंवा वायर बांधलेली दिसते. ती शिरांमधून परत जाणारे रक्त अडवते, रोहिणी चालूच ठेवते, आणि रक्तस्राव उलट वाढतो.

महोदय, मुंबईत जखमीजवळ सर्वांत आधी कोण पोहोचते याचा विचार करावा. लोकल रेल्वेच्या हद्दीत गेली काही वर्षे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आहेत, आणि जखमींची संख्या वेगळी. रुळांवर पडलेल्या माणसाला उचलतो तो स्टेशनवरचा हमाल, सोबत रेल्वे पोलिसांचा एखादा शिपाई, कधी नुसते प्रवासी. उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे अनेक स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष झाले, २०१७ मध्ये एक रुपयात तपासणी करणारे दवाखाने आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जखमी त्या कक्षापर्यंत पोहोचतो तो दोन स्थानकांमधल्या खडीवरून, आणि बहुधा दोघांनी हात धरून, दोघांनी पाय धरून. मान आणि पाठीचा कणा त्यात झोळीसारखा लोंबतो. ज्याचा मणका मोडला आहे पण मज्जारज्जू शाबूत आहे, असा माणूस या पन्नास पावलांत कायमचा पांगळा होऊ शकतो. डोके, छाती आणि कंबर एका रेषेत ठेवून, एकाच्या इशाऱ्यावर तिघाचौघांनी मिळून एकदम वळवणे आणि मग स्ट्रेचर खाली सरकवणे ही शिकवण्याची गोष्ट आहे, आणि हमालाइतकी ओझ्याची जाण असणारा विद्यार्थी दुसरा मिळणार नाही.

तुटलेल्या अवयवाविषयी इथेच सांगते. हात किंवा पाय वेगळा झाला की कोणी तरी धावत जाऊन बर्फ आणतो आणि अवयव थेट त्यात ठेवतो. भावना योग्य, पण बर्फाचा स्पर्श झालेल्या पेशी मरतात आणि मग तो अवयव जोडता येत नाही. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. एवढी सूचना प्रत्येक स्टेशन मास्तरच्या खोलीत मराठी आणि हिंदीत, चित्रासह लावता येईल.

पावसाळ्यात आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. मुंबईत थंडीने कोण मरणार, असे आपल्याला वाटते. परंतु रक्त गेलेला, भिजलेला माणूस वातानुकूलित रुग्णवाहिकेतून येतो तेव्हा त्याचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलेले असू शकते, आणि थंड शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. रक्तात आम्ल वाढते, गोठणे आणखी बिघडते, रक्तस्राव वाढतो, शरीर आणखी गार पडते. शल्यचिकित्सक या चक्राला सर्वांत जास्त घाबरतात. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे ओले कपडे कापून काढणे आणि कोरडे ब्लँकेट. दोन ब्लँकेटांसाठी निविदा काढावी लागू नये, अशी माझी नम्र अपेक्षा आहे.

रस्त्यावर रिक्षावाले, टॅक्सीवाले आणि वाहतूक पोलीस पहिले असतात. दहीहंडीला मंडळाची पोरे. गोविंदांसाठी महापालिकेची रुग्णालये दरवर्षी खाटा राखून ठेवतात, पण वरच्या थरावरून पडलेल्या मुलाला मित्र बगलेत धरून उभे करतात, चालवून पाहतात आणि मग टॅक्सीत बसवतात. त्याला हलवू नका, आणि कोणत्याही गंभीर जखमीला पाणी पाजू नका, ही दोन वाक्ये प्रत्येक मंडळाला परवानगी देताना सांगता आली पाहिजेत. पाणी न देणे आपल्या लोकांना निर्दयपणाचे वाटते हे मला ठाऊक आहे. पण अर्धवट शुद्धीत पाजलेले पाणी फुप्फुसात जाते, आणि भरल्या पोटी भूल देणे धोक्याचे असते. ओठ ओले करावेत, त्याहून जास्त नाही. कंबरेच्या हाडाचा संशय असेल तर मांड्यांच्या वरच्या उंचवट्यांभोवती, म्हणजे लोक समजतात त्यापेक्षा बरीच खाली, चादर घट्ट गुंडाळून गाठ मारली तरी आतला रक्तस्राव कमी होतो.

१०८ सेवेच्या रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावत आहेत आणि त्यांत डॉक्टर असतात. त्यांच्यासाठी माझी एकच सूचना आहे, ती ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडची, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या क्रॅश-२ या अभ्यासाने २०१० मध्ये दाखवले, की हे औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, आणि त्याच अभ्यासाच्या २०११ च्या विश्लेषणाने दाखवले, की ते लवकर द्यावे, तीन तासांनंतर दिल्यास अपाय होऊ शकतो. भारतातील रुग्णालयेही त्या अभ्यासात होती. मासिक पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना आपण हेच औषध वर्षानुवर्षे देत आलो आहोत. ते महाग नाही आणि दुर्मीळही नाही. वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतच पहिला एक ग्रॅम शिरेतून जावा, वेळ कागदावर लिहिली जावी, आणि निघतानाच रुग्णालयाला फोन व्हावा, म्हणजे ब्लड बँक आणि शस्त्रक्रियागृह तयार राहील.

घरगुती दुखापतींविषयी थोडक्यात. भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. हाड मोडल्यावर हाडवैद्याची बांबूच्या कामट्यांची आवळलेली पट्टी बांधून घेतलेली मुले बोटे काळीनिळी झाल्यावर रुग्णालयात येतात, आणि तोवर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून काही तास उलटलेले असतात. पट्टी बांधल्यावर दुखणे वाढत गेले, बोटे सरळ करताना कळ आली किंवा बधिरता आली, तर ती ताबडतोब सोडवायची, एवढे आशा सेविकेमार्फत घरोघरी पोहोचावे.

आता कायद्याचा मुद्दा, कारण तो आपल्या हातात आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो वा खासगी, जखमीवर उपचार केलेच पाहिजेत. मदत करणाऱ्या नागरिकाला त्याच न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. परंतु हे कलम मोटार वाहनाच्या अपघातापुरते आहे. केंद्राची २०२५ ची दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजनाही तशीच. म्हणजे रुळांवरून जखमीला उचलणारा प्रवासी आणि तो जखमी, दोघेही या संरक्षणाच्या शब्दांबाहेर राहतात, आणि मुंबईत नेमके हेच सर्वाधिक घडते. कर्नाटकाने या विषयावर स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राने तसाच, रेल्वे, बांधकाम आणि दहीहंडीच्या अपघातांनाही लागू होणारा कायदा करावा, आणि तो होईपर्यंत गृह विभागाच्या संमतीने परिपत्रक काढावे.

रेल्वे केंद्राची, रुग्णालये बहुतांशी महापालिकेची आणि १०८ आपली, त्यामुळे पुढाकार कोणी घ्यायचा हा प्रश्न नेहमी बैठकीत अडकतो. प्रशिक्षण ही त्यातली एक बाब अशी आहे, की जिच्यासाठी आपल्या विभागाला कोणाची परवानगी लागणार नाही. अर्ध्या दिवसाचा वर्ग, हाताने करून पाहण्याचा, चित्रफीत दाखवून संपवलेला नव्हे, दरवर्षी उजळणी, आणि उत्तीर्ण होणाऱ्याच्या हाती एक टूर्निके, पट्ट्या आणि मार्कर असलेली पिशवी. सुरुवात कुर्ला, ठाणे, दादर आणि बोरिवली स्थानकांवरचे हमाल आणि रिक्षा स्टँडवरचे चालक यांच्यापासून व्हावी. वर्गाच्या दिवशी त्यांची रोजी बुडते, तेवढी भरपाई विभागाने द्यावी, नाही तर कोणी येणार नाही. शिकवण्यासाठी मुंबईत निवृत्त परिचारिका पुष्कळ आहेत. मानधनाचा आग्रह आम्ही धरणार नाही, मात्र सरावासाठी स्ट्रेचर आणि बाहुला विभागाने द्यावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मुंबई