व्याजाचं ऑडिट, पण कोडचं?

महोदय,

मी गेली १९ वर्षं पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवीच्या व्याजाचा हिशेब चार ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेला सापडला. तीन ठिकाणी भागाकार वर्षाच्या ३६५ दिवसांनी, चौथ्या ठिकाणी ३६० ने. लाखाला नऊ टक्क्यांनी वर्षाचे ९००० व्हायचे, तिथे ९१२५! एक आजी पासबुक घेऊन ‘जास्त आलेत’ म्हणून सांगायला आल्या, तेव्हा हे कळलं. आधी जुन्या पावत्यांवरून टेस्ट (कोडचं उत्तर बरोबर येतं का, ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिल्या, मग चारही तुकडे काढून हिशेबाचं एकच फंक्शन (सगळीकडून वापरता येणारा कोडचा तुकडा) ठेवलं. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता?’ हे मात्र रोज ऐकावं लागलं.

पण चालणारा कोडही फसतो. युरोपच्या एरियान-४ रॉकेटचा चालणारा कोड एरियान-५ मध्ये तसाच घेतला होता. ४ जून १९९६ ला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या लहान जागेत मावला नाही आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट फुटलं. कोडच्या त्या भागाची उड्डाणानंतर गरजही नव्हती.

पतसंस्थांच्या हिशेबांचं दरवर्षी ऑडिट होतं. व्याज मोजणारा कोडही त्यात तपासला जावा, अशी सहकार खात्याला कळकळीची विनंती.

— एक प्रोग्रॅमर, कोथरूड, पुणे