विहिरीत पोहायला शिकलेल्या लेकीस

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मालवणला जाऊन स्कूबा, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात बुडी, करणार म्हणालीस आणि मागे तुझ्या आईनं गंज आपटला, तो तुला ऐकू आला असेलच. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस, तेवढ्यात रेंज जाते. म्हणून कागदावर लिहितो आहे. शेजारचा पोट्टा फोटो काढून पाठवेल. अक्षर वाकडं आलं आहे, चष्मा वर्ध्याला दुरुस्तीला आहे.

मी जाऊ नको म्हणत नाही. सात वर्षांची होतीस तेव्हा पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मीच तुला वावरातल्या विहिरीत ढकललं होतं. तुझी आई तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आता समुद्र पाहून मी कोणत्या तोंडानं अडवू? पण कोणासोबत उतरायचं ते तू ठरव. तुझ्या मैत्रिणीला सापडलेल्या 'सगळ्यात स्वस्त, व्हिडिओ फ्री' या जाहिरातीला ते ठरवू देऊ नको.

तू पाठवलेल्या यादीतल्या तिघांना मी फोन केले. हसू नको. बोअर मारायची तरी आपण चार गाडीवाल्यांना विचारतो.

पहिल्यानं आधी दर सांगितला आणि मी काही बोलायच्या आत तो कमीही केला. मी म्हटलं, भाऊ, पोरीच्या एका मैत्रिणीच्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो, जमेल का? तर म्हणाला, "काही होत नाही काका. फॉर्मवर सगळीकडे 'नाही'वर खूण करायला सांगा, उगाच झंझट नको." मी फोन ठेवून दिला. तो फॉर्म म्हणजे दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, पोटात बाळ असणं हे सगळं पाण्यात उतरायच्या आधी विचारणारा कागद आहे. एकाही ठिकाणी 'हो' आलं की डॉक्टरची चिठ्ठी लागते. ज्याला तो कागद झंझट वाटतो, त्याला तुम्ही पोरीसुद्धा अडचण आली की झंझटच वाटणार. तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, खरं लिही आणि नाही म्हणाले तर काठावर बसून मासे खा.

दुसऱ्या नंबरावर किनाऱ्यावरचा एजंट निघाला. बोट कोणाची, पाण्यात सोबत कोण, त्याचं शिक्षण काय, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. "आल्यावर बघू, दहा बोटी आहेत." आपल्याकडे जूनमध्ये बिनबिलाचं बियाणं विकणारे असेच बोलतात. उगवलं नाही की जाब विचारायला माणूस सापडत नाही.

तिसऱ्यानं मात्र दर सांगायच्या आधी विचारलं, "पोरी परत कशा जाणार आहेत?" मला वाटलं याची टॅक्सी आहे. मग त्यानं समजावलं. खाली दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो, वर आल्यावर तो हळूहळू निघतो. लगेच उंचावर गेलं तर बाहेरचा दाब कमी होतो आणि त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात, बाजारातला गोटी सोडा फोडल्यासारखे. म्हणून एक बुडी मारली तरी निदान १२ तास विमानात बसायचं नाही, आणि एकाहून जास्त बुड्या किंवा सलग काही दिवस असेल तर १८ तास. मालवणला नवख्यांना उथळात नेतात, तिथे हा धोका कमी, तरी नियम तो नियम, असं तो म्हणाला. वर आंबोलीचा घाट ७०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे बुडी मारून त्याच दुपारी घाट चढायचा बेत करू नका, हेही त्यानंच सांगितलं. मालवणजवळच्या चिपीचं विमान धरा की गाडीनं कोल्हापूरकडून जा, बुडी आधीच्या दिवशी ठेवा.

त्याला मी आणखी बरंच विचारलं. अर्धा तास बोलला. त्यातली एक गोष्ट मला रात्री झोपू देईना, म्हणून तीच नीट लिहितो.

तू सूर मारून विहिरीच्या तळची माती आणायचीस, आठवते? गालफडं फुगवून, दम कोंडून. वर आलीस की कान दाबायचीस. विहिरीनं तुला दम कोंडायला शिकवलं आणि स्कूबात नेमकं तेच करायचं नाही. विहिरीत तू वरची हवा छातीत भरून खाली जायचीस. ती खाली दबायची, वर आली की होती तेवढीच व्हायची. समुद्रात तू खालीच, दाबाखालची हवा घेणार. दर १० मीटरला, म्हणजे ३३ फुटांना, एका वातावरणाइतका, म्हणजे काठावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. १० मीटरवर छाती भरून घेतलीस आणि दम कोंडून वर निघालीस, तर तीच हवा वर येईस्तोवर दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. त्याला खोल पाणीच लागतं असंही नाही, माणूसभर पाण्यातूनही ही इजा होऊ शकते. म्हणजे घाबरून गावातल्या पोरीसारखी दम धरून वर धावू नको. श्वास घेत राहा, सोडत राहा, हळूहळू वर ये.

आता तू ज्याच्याकडे जाशील तो हे तुला कधी सांगतो, ते बघ. बोटीत बसून, इंजिनाच्या आवाजात, दोन मिनिटांत उरकलं तर उतरू नको. चांगला माणूस आधी किनाऱ्यावर बसवून सांगतो, मग छातीभर पाण्यात उभं करून करून घेतो. तोंडातली नळी निघाली तर परत कशी लावायची, चष्म्यात पाणी शिरलं तर नाकानं फुंकून कसं काढायचं, नाक दाबून हलकेच फुंकून कान कसे मोकळे करायचे. कान दुखायला लागायच्या आधीच मोकळे करायचे, आणि सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही. आणि हे ऐकून मी जाम हसलो, पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नसून 'मला वर न्या' असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं कडं करायचं. तू फोटोसाठी अंगठा दाखवशील आणि तो तुला वर घेऊन येईल.

शिकवणाऱ्याकडे पॅडी किंवा एसएसआय अशा स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेचं कार्ड असतं. नाव विचार, कार्ड पाहा, संकोच करू नको. नवख्याला १२ मीटरच्या, म्हणजे ४० फुटांच्या खाली न्यायचं नाही असा पॅडीचा नियम आहे. कोणी "ताई, तुम्ही पोहता चांगलं, चला अजून खाली" म्हणाला तर तो तुझं कौतुक करत नाही आहे. एका शिकवणाऱ्याच्या हाताखाली एका वेळी किती जणी, हेही विचार. तुम्ही चौघी, एक तर घाबरणारच. तिला घेऊन तो वर गेला की उरलेल्या तिघी कोणाच्या भरवशावर? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथेही एक फोन लाव.

सिलिंडरचंही बघ. त्यात भरतात ती ऑक्सिजन नसते, साधी हवाच असते, पण २०० बार दाबापर्यंत ठासलेली, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या नव्वदेक पट. तपासणीची तारीख सिलिंडरच्या मानेवर ठोकलेली असते. गंमत म्हणजे देशभरच्या अशा सिलिंडरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरात आहे, समुद्रापासून इतक्या लांब. हवा भरणारा कॉम्प्रेसर कुठे ठेवला आहे, तेही पाहता आलं तर पाहा. त्याच्या तोंडाशी इंजिनाचा धूर येत असेल तर तोच धूर सिलिंडरात जातो. हवेला तेलाचा वास आला तर बुडी रद्द. आणि धुरातल्या विषारी वायूला वासच नसतो, म्हणून नाकावर सगळा भरवसा ठेवू नको.

धुराचं निघालं म्हणून आबाजी आठवले. तू त्यांना पाहिलं नाहीस. आपल्या विहिरीचा गाळ काढायला मी दहावीत असताना त्यांना बोलावलं होतं. चार माणसं, नाडा, टोपली, सगळं सज्ज. आबाजींनी आधी कंदील सोडला. वीसेक फुटांवर ज्योत मिणमिणली आणि विझली. आबाजी धावेवर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आज नाही उतरत." तुझे आजोबा चिडले. चार माणसांची रोजी अंगावर पडत होती, ढगही जमत होते. आजोबा म्हणाले, दुप्पट देतो. आबाजींनी लिंबाचा मोठा डहाळा नाड्याला बांधला, तो दुपारभर खालीवर करत राहिले, वरून बादल्यांनी पाणी ओतत राहिले. दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा उतरले. रोजी एकाच दिवसाची घेतली. त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या गावात पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीतच खाली ठेवलं होतं. बघायला उतरलेला वर आला नाही, त्याला काढायला गेलेला भाऊही आला नाही. तिथेही कोणीतरी काठावरून म्हणालंच असेल, काही होत नाही.

म्हणून तिसऱ्याला मी शेवटी विचारलं, पोरी पुण्याहून एवढ्या लांब आल्या आणि त्या दिवशी समुद्र बिघडला तर? तो म्हणाला, "तर नेणार नाही काका. पैसे परत, नाहीतर दुसरा दिवस." मी आईला स्पीकरवर पुन्हा ऐकवलं. ती काही बोलली नाही, पण गंज आपटला नाही.

आता बोट. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, ते तुला माहीत आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक दगावले. बुडी नीट झाली आणि घात परतीच्या वाटेवर झाला. तेव्हा बोटीची क्षमता किती आणि आत माणसं किती, हे मोजूनच पाय ठेव. लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं, जाताना आणि येतानाही. तुम्ही पाण्यात असताना बोटीवर एक माणूस थांबला पाहिजे. कोणाला इजा झाली तर द्यायच्या ऑक्सिजनची पेटी बोटीवर आहे का, ती उघडून दाखवा म्हण.

आणि मोजदाद. आपल्या वेचणाऱ्या बाया ट्रॉलीत चढल्या की मुकादमीण बोटानं मोजते, एक कमी निघाली तर ट्रॅक्टर हलत नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियात मोजायला चूक झाली आणि एका अमेरिकन नवरा-बायकोला समुद्रातच सोडून बोट परतली. दोन दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर दिसलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. ते सापडले नाहीत. बोटवाला नावं घेऊन मोजत नसेल तर तू मोज. चौघी चढल्या, चौघी उतरल्या.

आदल्या रात्री तुमची मंडळी काय पितात ते मी विचारत नाही. पण पिऊन बुडी नको, आणि सकाळी पाणी भरपूर प्या.

डिसेंबरात पाणी स्वच्छ असतं म्हणे, बेत चांगला आहे. जून ते ऑगस्ट कोणी "आम्ही नेतो" म्हणाला असता तर त्याचं नावच काढलं नसतं.

इकडे पऱ्हाटी बरी आहे, तूर फुलोऱ्यावर आली. विहिरीला यंदा पाणी वर आहे, डबाही अजून माळ्यावर आहे. पहिल्या वेच्याचा चुकारा मिळाला. तुझ्या मैत्रिणीच्या स्वस्तवाल्यात आणि तिसऱ्यात जो फरक पडतो, तो चौघींचा धरून तुझ्या खात्यावर टाकला आहे. परत पाठवू नको, आईनंच सांगितलं.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं लिहायला सांगितलं आहे की वर आल्याबरोबर, कपडे बदलायच्याही आधी फोन कर. दुपारी आम्ही धाब्यावर रेंजमध्ये बसून राहू.